मुंजाजी पाचंग्याची समुद्रापलीकडची सहा गावं

श्री. मुंजाजी किसन पाचंगे. राहणार मौजे वालूर, जिल्हा परभणी. जात गोंधळी. व्यवसाय विद्यार्थी. इयत्ता बी. ए. प्रथम वर्ष, हजेरीपटावरील क्रमांक एकशे त्रेचाळीस. वय पासपोर्टाप्रमाणे एकवीस. थोरला नातू तेरा वर्षांचा. उंची पाच फूट चार इंच, पगडीसह पाच फूट नऊ. ओळखीची खूण, संबळाच्या दोरीनं कमरेला पडलेला काळा पट्टा, जो छायाचित्रात दिसत नाही. स्वाक्षरी, डावा अंगठा. परदेश प्रवास, देश तीन. वर्तणूक चांगली. हक्काची गावे एकूण सतरा, पैकी सहा समुद्रापलीकडे.

यातला वयाचा तपशील सोडला तर बाकी सगळं खरं आहे. वयाचा तपशीलही खोटा म्हणता येणार नाही, कारण त्यावर तीन सह्या आणि दोन शिक्के आहेत.

पुढची हकिकत दोन ठिकाणांहून घेतली आहे. एक, आमच्या महाविद्यालयाच्या प्रा. दत्तराव सोळंके सरांनी छापलेला दौऱ्याचा अहवाल. दोन, त्या दौऱ्यात गेलेल्या सत्यशीला या विद्यार्थिनीनं तोंडी सांगितलेलं. दोन्हींत जिथं फरक पडला तिथं सत्यशीलाचं खरं धरलं आहे. असं करताना अहवालातला फोटोंखालचा मजकूर तेवढा शिल्लक राहिला.

आधी गावांचं सांगायला हवं. आपल्याकडं लग्न झालं की देवीचा गोंधळ घालावा लागतो, आणि तो घालायला गोंधळी लागतो. पण कुणीही गोंधळी चालत नाही. अमुक गाव अमक्या घराण्याचं, हे पिढ्यांमागं ठरलेलं असतं. ते कोणत्याही तलाठ्याकडं लिहिलेलं नसतं, म्हणून त्यात आजवर खाडाखोड झालेली नाही. मुंजाजीकडं अशी बारा गावं होती. लिहिता येत नसल्यामुळं त्यानं संबळाच्या दोरीला गावागणिक एक गाठ मारून ठेवली होती. पहिली आणि सगळ्यांत जाड गाठ झरीची. ती त्याच्या आज्यानं मारलेली.

झरीत दिनकरराव देशमुखांचं घर मोठं. ते घर ज्याच्याकडं, त्याच्याकडं सगळी झरी, कारण बाकीचं गाव त्या घराकडं बघूनच आपली कार्यं उरकतं. दिनकररावांच्या आई सरजाबाई गोंधळाच्या दिवशी पाटावर बसून घराण्याच्या सात पिढ्यांची नावं ऐकत, आणि मुंजाजी ती एका दमात म्हणे. मध्ये श्वास घेतलेला म्हातारीला खपत नसे.

या धंद्यात नियम दोनच. हक्काच्या घरी सुपारी मिळत नाही. तिथं न बोलावता जायचंच असतं. परक्यानं सुपारी पुढं केली आणि ती हातात घेतली, तर तिथंही जायचंच असतं. हक्काचा गोंधळी वेळेवर उभा राहिला नाही आणि दुसऱ्यानं गोंधळ पुरा केला, तर भाऊबंदांचे पंच बसतात आणि घर बहुधा त्या दुसऱ्याकडं जातं. मुंजाजीचा चुलतभाऊ बन्सीधर हा असा दुसरा होण्यासाठी बारा वर्षं तयारीत होता. पण दोन नियमांची आपसांत गाठ कधी पडली नव्हती. तशी गाठ पडायला युरोपची गरज होती.

सोळंके सर गोंधळावर पीएच. डी. करत होते. त्यांनी एकही गोंधळ शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता, त्यामुळं त्यांचं विवेचन तटस्थ होतं. युवक महोत्सवात त्यांनी विद्यार्थ्यांचा गोंधळ बसवला आणि पहिलं बक्षीस आणलं. रंगमंचावर झगे घातलेले विद्यार्थी होते. एकजण कमरेला संबळ बांधून काड्या हलवत होता. वाजणारा संबळ पडद्यामागं होता, आणि त्यामागं मुंजाजी. मग १९८६ साली दिल्लीहून पत्र आलं की, युरोपात विद्यार्थ्यांच्या लोकसंगीताचा फिरता महोत्सव आहे, तीन देश, पाच गावं, आपला संघ निवडला आहे. पत्रात शेवटी लिहिलं होतं की, कार्यक्रम बहुतेक ठिकाणी उघड्या चौकात होतील. म्हणजे पडदा नव्हता.

त्यामुळं मुंजाजीला बी. ए. करणं भाग पडलं.

प्रवेश अर्ज भरताना कारकुनानं विचारलं, "जन्म कधीचा?"

"रझाकार आले तवा माझ्या कमरेला संबळ होता."

"ते चालत नाही."

"मंग कोणतं चालतं?"

"एकोणीसशे पासष्ट."

"असू द्या," मुंजाजी म्हणाला. "माझी धाकली लेक पासष्टचीच हाय. घरात सांगायला सोपं पडंल."

शाळा सोडल्याचा दाखला एका शाळेनं दिला. त्या शाळेत मुंजाजी खरोखर गेला होता. हेडमास्तरांच्या मुलाचा गोंधळ तिथल्या पटांगणात झाला होता. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी फोटो बघितला, माणूस बघितला, पुन्हा फोटो बघितला. "हे विद्यार्थी?" सर म्हणाले, "ग्रामीण भागात शिक्षण उशिरा पोचतं." साहेबांना हे पटलं. त्यांनी ते शेऱ्यात लिहूनही घेतलं.

राहता राहिला संघापुढं धरायचा फलक. विद्यापीठाचं नाव काय लिहायचं यावरून त्या वर्षांत आपल्याकडं माणसं मेली होती, घरं जळली होती, आणि ठराव होऊनही नाव जिथल्या तिथं होतं. संघात देशमुखांची, पाटलांची मुलं होती. सत्यशीला होती, तिचा आवाज संघात सगळ्यांत चांगला होता, पण तिची निवड त्यासाठी झाली नव्हती, तर यादीत एक बौद्ध नाव असावं अशी वरून सूचना होती म्हणून झाली होती. कोणतंही नाव लिहिलं तरी निम्मा संघ विमानतळावरच राहील, हे सरांनी ओळखलं आणि फलकावर फक्त 'इंडिया' रंगवून घेतलं. सत्यशीला म्हणाली, "बरं झालं सर. तेवढंच नाव बदलायचं कुणी मागत नाही."

मुंजाजीची अट एकच होती. दिनकररावांच्या मुलीचं, रुख्मिणीचं, लग्न अठरा जूनला होतं.

"त्याच्या आत मला झरीत उभं करा. बाकी तुमी म्हनाल तिथं वाजवतो."

"बारा तारखेला आपण परत. हवं तर लिहून देतो."

"लिहून काय करू? मला वाचता कुठं येतंय. जबान द्या."

सरांनी जबान दिली. एरवी सर लेखी बाबतींत फार काटेकोर होते.

निघताना मुंजाजीची बायको तानुबाई संबळ फडक्यात गुंडाळत म्हणाली, "बन्सीधर भावजी काल येऊन गेले. तुमी कधी जायलाव ते इचारलं."

"मंग?"

"कधी येणार ते न्हाई इचारलं."

पहिला कार्यक्रम पश्चिम जर्मनीतल्या एका गावात होता. चौकात मांडव, चारशे माणसं, आधी बल्गेरियाच्या मुलींचं गाणं, नंतर स्पेनचा नाच, मध्ये आपली दहा मिनिटं. विद्यार्थी झगे सावरून उभे राहिले. सरांनी खूण केली. मुंजाजीनं काड्या उचलल्या, समोर बघितलं आणि खाली ठेवल्या.

"सर, यजमान कोन?"

सर दबक्या आवाजात म्हणाले, "हे सगळे प्रेक्षकच यजमान समजा."

"सगळे म्हंजी कुनीच न्हाई. लगीन कुनाचं हाय? नवस कुनाचा? नारळ कुनी धरायचा?"

"मुंजाजी, हा प्रयोग आहे. महोत्सवात वाजवलं तसं वाजवा."

"तवा प्राचार्य सायबानं नारळ धरला होता. बिनयजमानाचा गोंधळ म्हंजी बिनमयताचं रडणं. मला न्हाई जमायचं."

चारशे माणसं शांत बसून होती. त्यांना वाटलं, भारतीय संगीताची सुरुवात अशीच होते. शेवटी सत्यशीला खाली उतरली आणि पहिल्या रांगेत गळ्यात साखळी घातलेला एक दाढीवाला गृहस्थ बसला होता त्याच्याशी इंग्रजीत बोलली. तो त्या गावचा महापौर होता. मुंजाजीच्या हिशोबी पाटील. तो वर आला. सरांच्या पिशवीतला नारळ त्याच्या हातात दिला गेला. मग मुंजाजीनं चौकशी सुरू केली आणि सत्यशीला दोन्हीकडचं सांगत राहिली.

वडिलांचं नाव? सांगितलं. आज्याचं? सांगितलं. पणज्याचं? महापौरानं बराच विचार केला आणि खांदे उडवले.

"तिसऱ्या पिढीतच संपलं," मुंजाजी हळहळला. "एवढा मोठा मानूस. बरं, कुलदैवत?"

"काका, ते म्हणतात, ते देव मानत नाहीत."

"तुमी बी मानत न्हाई की ताई. पर तुमच्या घरी बाबासाहेबाचा फोटू हाय का न्हाई?"

"तो देव म्हणून नाही लावलेला."

"म्हनून तर इचारायलो. देवच पायजे असं कुठं हाय? त्येला इचारा, त्येच्या घरात कुनाचा फोटू हाय?"

सत्यशीलानं विचारलं. दाढीवाला लाजला. म्हणाला, बायकोचा. नाव हेल्गा.

"बास. तीच."

मुंजाजीनं तुळजापूरच्या आईला बोलावलं, माहूरच्या रेणुकेला बोलावलं, आणि त्याच सुरात, त्याच मानानं हेल्गाला बोलावलं. दुसऱ्या रांगेत एक जाडजूड बाई आपलं नाव ऐकून उठून उभी राहिली आणि रडायला लागली. संबळ असा वाजला की दहा मिनिटांची चाळीस झाली, आणि स्पेनचे नाचणारे बूट घालून ताटकळत राहिले. अहवालात सरांनी याला 'यजमान-सहभाग तंत्र' म्हटलं आहे, आणि ते तंत्र संघानं दीर्घ विचारांती स्वीकारलं असं नमूद केलं आहे.

तिथल्या वर्तमानपत्रात फोटो छापून आला. त्यानंतर पुढच्या गावांचे पाटील स्वतःच नारळाची चौकशी करू लागले. नारळ तुर्की भाजीवाल्यांकडं मिळत. देवीपुढं धान्याचा चौक मांडायला गहू गिरणीतून येई. पाच उसांऐवजी टोमॅटोला आधार द्यायच्या पाच बांबूच्या काठ्या बांधल्या जात. दिवटी पेटवायची म्हटल्यावर दर गावी अग्निशामक दलाचा एक शिपाई शिरस्त्राण घालून पाण्याची बादली घेऊन शेजारी उभा राही. मुंजाजीनं त्याला दिवटीचा मानकरी ठरवलं आणि पाटलाच्या आधी कुंकू लावलं. हॉलंडच्या दमट हवेत संबळाचं कातडं सैल पडलं, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी केस वाळवायचं यंत्र आणून त्याला ऊब दिली. मुंजाजीला ते यंत्र फार आवडलं. "आमच्याकडं ह्यासाठी गवऱ्या जाळाव्या लागतात," त्यानं सत्यशीलाकरवी कळवलं. मुलींना वाटलं, तो केसांबद्दल बोलतोय.

दर कार्यक्रमानंतर तो कोपऱ्यात बसून दोरीला एक गाठ मारी.

"हे काय करायलाव काका?"

"आपन गोंधळ घातला, यजमानानं नारळ धरला. गाव आपलं झालं. आता ह्यांच्या लेकराबाळांची लग्नं निघतील, तवा आपल्यालाच यावं लागंल." गाठ आवळत म्हणाला, "जरा लांब पडंल."

त्याला गावांची नावं लक्षात ठेवण्यात रस नव्हता. दाढीवाल्याचं गाव, टकल्या पाटलाचं गाव, जुळ्या लेकीवाल्याचं गाव, असा त्याचा हिशोब होता, आणि तो चुकत नसे.

अकरा जूनला पाचवी गाठ पडली. बारा तारखेची तिकिटं होती. अकरा तारखेच्याच संध्याकाळी बेल्जियममधल्या एका गावाची महापौर बाई मोटारीतून येऊन दाखल झाली. तिनं वर्तमानपत्र वाचलं होतं. तिच्या गावची जत्रा अठरा जूनला होती, आणि हा संघ त्या दिवशी पाहिजे होता. राहणं, जेवण, तिकिटांची तारीख बदलणं, सगळं तिच्याकडं. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा उजळला.

मुंजाजी म्हणाला, "सर, जबान."

"मुंजाजी, तुम्ही परिस्थिती समजून घ्या. तिकीट सामुदायिक आहे. एकट्याला कसं पाठवायचं?"

"मंग सगळे चला."

"हा देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे."

"आन झरी कोन्या देशात हाय?"

सरांपाशी प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं. त्यात सुपारीचा नियम त्यांनी मुंजाजीकडूनच ऐकून, तळटीप देऊन लिहिला होता. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे न्याहारीला बसले असताना ती बाई आत आली. डोक्यावरून रुमाल घेतलेला. डाव्या हातात नारळ. उजव्या तळहातावर परभणीच्या बाजारातली एक सुपारी. मुंजाजीसमोर येऊन ती वाकली आणि हात पुढं करून उभी राहिली. पाव खाणारी पोरं थांबली.

सत्यशीला चटकन मराठीत म्हणाली, "काका, हात पुढं करू नका. हे सरांनी शिकवलंय तिला."

"माहीत हाय की. बेल्जममधी सुपारी पिकते व्हय?"

"मग नाही म्हणा. सरळ नाही म्हणा. झरी जाईल हातची."

"ताई, शिकवणी सरानं दिली. पर बाईला कुठं माहीत हाय ती शिकवणी हाय म्हनून? ती खरंच मागायलीय."

"आणि तिकडं रुख्मिणीचं लग्न?"

मुंजाजीनं हातातला पाव खाली ठेवला आणि हात पुसले. सर खिडकीबाहेर बघत होते. तिथं सायकलींशिवाय काही नव्हतं.

"झरीनं मला सुपारी दिली असती," मुंजाजी म्हणाला, "तर ही न्हाई घेतली असती. हक्काच्या घरची सुपारी नसती, हीच तर गंमत हाय." आणि त्यानं हात पुढं केला.

अहवालात या प्रसंगाचं वर्णन एका ओळीत आहे: 'मुंजाजी या विद्यार्थ्याने मुक्काम वाढविण्यास आनंदाने संमती दिली.'

अठरा जूनला संध्याकाळी आठ वाजता बेल्जियममधल्या त्या गावच्या बाजारचौकात मुंजाजीनं संबळ बांधला. उन्हाळ्यात तिथं त्या वेळी लख्ख ऊन असतं. त्यानं सत्यशीलाला विचारलं, "झरीत आत्ता किती वाजले असतील?" तिनं हिशोब करून सांगितलं, "साडेअकरा. रात्रीचे."

"म्हंजी जेवणं उरकली. चौक भरला असंल."

महापौर बाई पाटावर बसली. देवीचं आवाहन झालं. तिच्या बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. तिला पणजा आठवत होता, तोही घेतला. मग मुंजाजीनं डोळे मिटले आणि एका दमात पुढं गेला: दिनकररावाचे बाप बळवंतराव, बळवंतरावाचे बाप सखाराव, सखारावाचे खंडेराव, असं करत सात पिढ्या, आणि शेवटी लेक रुख्मिणी, तिचा चुडा, तिचं कुंकू. मध्ये श्वास घेतला नाही. प्रत्येक नावाला बेल्जियमची बाई मान झुकवत होती. तिला वाटलं, हे सगळे देव आहेत. संघातल्या पोरांना वाटलं, ही पाठांतरातली चूक आहे. सर तेव्हा एका वार्ताहराला यजमान-सहभाग तंत्र समजावून सांगत होते.

सत्यशीला म्हणते, "मी असलं काही मानत नाही. पण त्या दिवशी मी कोरस सोडला नाही."

एकवीस तारखेला संघ परतला. महाविद्यालयात जीपमधून मिरवणूक निघाली, हार झाले, भाषणं झाली. मुंजाजीला वालूरला पोचायला उशीर झाला. तानुबाईनं भाकरी वाढली आणि पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "बन्सीधर भावजीनं घातला."

"कसा काय?"

"दिनकरराव सायबानं लय वाट बघितली. भावजी सहज झरीत होते म्हन. सहज संग संबळ होता, सहज तिघं साथीदार होते, आन दिवटीला सहज तेल पाजलेलं होतं."

"आन पिढ्या?"

"तीन म्हनल्या. मंग पुन्हा वरून सुरू केल्या. सरजाबाई म्हनल्या, आमच्या घरात एवढे दिनकरराव कधी झाले?"

मुंजाजी हसला. त्या रात्री भाकरी मात्र अर्धीच गेली.

आषाढात देवगाव फाट्यावर, हॉटेलाशेजारच्या लिंबाखाली पंच बसले. पाचजण. सगळ्यांत थोरले सटवाजी बाबा. त्यांच्या हातात अडकित्ता होता आणि तो बंद पडत नव्हता. साक्षीदार म्हणून सत्यशीला सेलूहून आली होती. हॉटेलवाल्यानं सगळ्यांना ग्लासात चहा दिला आणि तिला वेगळ्या ठेवणीतल्या, कान तुटलेल्या कपात. मुंजाजीनं तो कप आपल्याकडं ओढला आणि आपला ग्लास तिच्यापुढं सारला. यावर पंचांपैकी कुणी काही बोललं नाही, कारण तो विषय त्या दिवशीच्या कामकाजात नव्हता.

बन्सीधर म्हणाला, "हक्काच्या घरच्या दिवशी ह्यानं परक्याची सुपारी धरली. सुपारी धरली का न्हाई, इचारा त्येला."

"धरली," मुंजाजी म्हणाला. "पर झरीचा गोंधळ मी घातलाय. त्याच दिवशी, त्याच येळेला, सात पिढ्यांसकट. इचारा ताईला."

सटवाजी बाबांनी सत्यशीलाकडं बघितलं. "खरं हाय का पोरी?"

"खरं आहे. इथं साडेअकरा वाजले होते, तिथं आठ. नावं मी स्वतः ऐकली. सगळी."

"ह्येचे आठ आन आपले साडेअकरा एकच कसे?" एका पंचानं विचारलं. सत्यशीलानं त्याच्याच ग्लासाभोवती सुपारी फिरवून सूर्य समजावला. पंचांनी तो मान्य केला.

बन्सीधर उसळला. "आवं, देवी एकाच येळेला झरीत आन बेल्जममधी कशी जाईल?"

"ती देवी हाय," सटवाजी बाबा म्हणाले. "एष्टी न्हाई. ती जो बोलवंल तिथं जाती. देवीचं आमी इचारतच न्हाई. यजमान कुठं होता? नारळ कुनी धरला, परसाद कुनी खाल्ला?"

जो नियम सांगून मुंजाजीनं जर्मनीत चारशे माणसं ताटकळत ठेवली होती, तोच नियम होता. बिनयजमानाचा गोंधळ होत नाही. दिनकरराव झरीत होते, आणि त्यांच्या हातातला नारळ बन्सीधरपुढं होता.

"झरी बन्सीधरची," सटवाजी बाबांनी निवाडा दिला. "आन तिकडं पाटलांनी नारळ धरले, ती सहा गावं मुंजाजीची. त्यात दुसऱ्या कुनी जायचं न्हाई."

बन्सीधर लगेच म्हणाला, "सहाच्या सहा? संबळ आज्याचा हाय. आज्याच्या संबळावर मिळवलेली गावं भाऊबंदकीत येतात. निम्मी वाटणी पायजे मला. तीन द्या."

पंचांना यात तथ्य वाटलं. ते एकमेकांकडं बघू लागले. मुंजाजी पुढं सरकला.

"तीन काहून? सहाच्या सहा घे. झरी दे."

बन्सीधरनं विचार केला. मग पहिल्यांदाच तो सत्यशीलाशी बोलला. "बाई, तिथं लग्नं निघतात का बरी?"

सत्यशीलाची पंचाईत झाली. मुंजाजी तिच्याकडं बघत होता. एक शब्द फिरवला असता तर झरी परत आली असती. पण ती साक्षीला आली होती, आणि खरं बोलायचं ठरवूनच आली होती.

"निघतात," ती म्हणाली. "पण थोडी. बरेचजण लग्न न करताच सोबत राहतात."

"न करताच?"

"हो."

"मंग लेकरं?"

"ती होतात."

सटवाजी बाबांचा अडकित्ता पहिल्यांदाच बंद पडला. बन्सीधर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. वाटणी नको. त्यानं मिळवलीत, त्यालाच लखलाभ."

मग रिवाजाप्रमाणं मुंजाजीच्या दोरीवरची झरीची गाठ सोडायची होती. तीन पिढ्यांचं तेल आणि घाम मुरलेली ती गाठ कुणालाच सुटेना. शेवटी सटवाजी बाबांनी ती अडकित्त्यानं कापली.

सत्यशीला फाट्यावर गाडीची वाट बघत उभी असताना मुंजाजी तिच्याजवळ गेला. ती म्हणाली, "काका, माझ्यामुळं गेली झरी."

"तुमच्यामुळं कशी? तुमी खरं बोलला म्हनून तर बेल्जमचं बी खरं धरलं त्यांनी." त्यानं दोरी पुढं केली. "मोजा बरं. मला अकरापर्यंत पाठ हाय, पुढच्या नव्या हायत."

तिनं मोजल्या. सतरा भरल्या.

सोळंके सरांना पुढं पीएच. डी. मिळाली, तिसरं प्रकरण परीक्षकांना विशेष आवडलं. मुंजाजीचं नाव दुसऱ्या वर्षी 'सतत गैरहजर' या शेऱ्यासह पटावरून कमी झालं. लग्नसराई आली की तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात येतो, परदेशाचं काही पत्र आलंय का विचारतो, पाणी पितो आणि जातो.

त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात पान नऊवर त्याची नोंद आहे: 'महाविद्यालयाचे विद्यार्थी श्री. मुंजाजी पाचंगे यांनी आपल्या कलेद्वारे तीन राष्ट्रांतील सहा नगरांशी कायमस्वरूपी सांस्कृतिक संबंध प्रस्थापित केले असून, त्यांचे कार्यक्षेत्र आता आंतरराष्ट्रीय झाले आहे, ही बाब संस्थेस भूषणावह आहे.'

झरीला गोंधळ बन्सीधर घालतो.